ट्रॅक्टरला सोमवार

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी जेवतानाही मी ताटावरून दोनदा उठायचे आणि आई डोक्यावर हात मारून घ्यायची. अशा माणसाने धंदा कुठला निवडावा, तर दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिण्याचा. पण गंमत अशी की, कोड लिहिताना माझी चुळबुळ थांबते. डोकं पळत असतं म्हणून पाय गप्प राहतात, एवढंच त्याचं कारण असावं. लग्नाआधी पुण्यात मी हेच काम करत होते. लग्न झालं, कलबुर्गीकडच्या मुडबीला सासरी आले आणि नोकरी सोडली. घरून करता येईल असं दुसरं काम सहज मिळेल, अशी माझी समजूत होती. ते मिळालं नाही.

नंतर नंतर तर कंपन्या माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. मधली वर्षं काय केलंत, हा प्रश्न ठरलेला. 'भाकऱ्या थापल्या' हे उत्तर माझ्या जिभेवर यायचं आणि मी ते गिळायचे. घरात कुणी त्रास देत नव्हतं, हेही सांगायला हवं. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, मायाळू आहेत. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही म्हणते. नवऱ्याचे दोन ट्रॅक्टर आहेत, त्यांना जोडायची अवजारं आणि मळणी यंत्र आहे, आणि तो आसपासच्या गावांत भाड्याने कामं घेतो. सगळं बरं चाललं होतं. फक्त मला घरात कोंडल्यासारखं व्हायचं. झाडलेलं अंगण मी परत झाडायचे, घासलेली भांडी परत घासायचे, आणि आत्याबाई म्हणायच्या, "किती घासायलीस गं, झिजतील की ती."

कलबुर्गीला शिक्षिका असलेल्या माझ्या नणंदेने, अक्कांनी, यावर उपाय काढला होता. बी.एड. कर. आमच्या भागात बाईमाणसाच्या प्रत्येक दुखण्यावर बी.एड. हेच औषध देतात. "गावात शाळा हाय, दुपारी घरी, सुट्ट्या हायत, अजून काय पायजे?" अक्का फोनवर म्हणायच्या. त्यांनी ओळखीच्या कॉलेजात माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. मला शिकवणं वाईट वाटत नाही, पण मला ते नको होतं. मला माझं काम परत हवं होतं. शेवटी बेंगळुरूच्या एका कंपनीने मला मुलाखतीला घेतलं, तेव्हा मी घरात जाहीर केलं की हे शेवटचं. हे जमलं नाही तर अक्कांचं ऐकेन. बोलून तर बसले, आणि मग अंगण परत एकदा झाडायला घेतलं.

कंपनीने काम दिलं होतं ते असं: तुमच्या आजूबाजूचा एखादा खरा प्रश्न घ्या, त्यासाठी जावा भाषेत एक छोटी सर्व्हिस तयार करा आणि ठरल्या वेळी आमच्यासमोर ती चालवून दाखवा. सर्व्हिस म्हणजे काय, हे मी आप्पांना एकदा समजावलं होतं. एक माणूस खिडकीत बसलाय असं समजा. तुम्ही विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं. त्याला जेवण नाही, झोप नाही. "पगार?" आप्पांनी विचारलं. तोही नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग लई दिवस टिकत न्हाई बग तो."

खरा प्रश्न मला शोधावा लागला नाही. तो नवऱ्याच्या खिशात वाजत होता. येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, रानातली पूजा होऊन गेली होती, तुरी वाळल्या होत्या आणि ज्याला त्याला रास, म्हणजे मळणी, आजच करायची होती. फोन उचलला की एकच वाक्य: "माजा नंबर कवा?" नवरा सगळे नंबर डोक्यात ठेवायचा. दोघांना एकच सकाळ दिली की दोघंही रानात ताडपत्री अंथरून वाट बघत बसायचे आणि मग आमच्या दारात भांडण यायचं. मी ठरवलं, हेच घ्यायचं. तारीख सांगा, गाव सांगा, काम सांगा. सर्व्हिस सांगेल की ट्रॅक्टर मोकळा आहे की नाही आणि तुमचा नंबर कधी.

दुपारी जेवणं झाली, आत्याबाई आडव्या झाल्या की मी माजघरात ज्वारीच्या पोत्यांना पाठ टेकून लॅपटॉप उघडायचे. कोड लिहायचा, तपासायचा आणि चालवायचा तो सगळा पसारा ज्या एका खिडकीत असतो, तो आयडीई उघडायलाच माझा जुना लॅपटॉप एका चहाएवढा वेळ घ्यायचा. नवा प्रोजेक्ट. नाव द्या. पॅकेजचं नाव द्या. मग लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, उतरायला लागल्या, त्या मोबाइलच्या इंटरनेटवर. खालची निळी पट्टी सरकायची, थांबायची, परत सरकायची. फोन खिडकीत ठेवला की रेंज यायची, आणि बाहेरून कुणी गेलं की 'फोन पडंल तुजा' म्हणून तो आत ढकलायचं. मी दात-ओठ खायचे. उठून पाणी प्यायचे, परत यायचे, पट्टी तिथंच.

पण एकदा सगळं उतरलं आणि पहिला क्लास, म्हणजे कोडचा पहिला कप्पा, उघडला, तेव्हा माझे हात आपोआप चालायला लागले. इतकी वर्षं पोळपाटावर गेली, तरी बोटं विसरली नव्हती. अर्धा शब्द लिहिला की आयडीई उरलेला सुचवायचा, चुकलं की खाली लाल नागमोडी रेघ ओढायचा. मला त्या लाल रेघेचा कधी राग येत नाही. माणसं चूक सांगताना कपाळाला आठ्या घालतात, ही बिचारी नुसती रेघ ओढते. नंबर देणारा क्लास लिहिला, त्याला बाहेरून प्रश्न विचारता येईल असं दार केलं आणि चालवायच्या हिरव्या त्रिकोणावर क्लिक केलं. सर्व्हिस उठली आणि लगेच पडली. पोर्ट, म्हणजे सर्व्हिसची बसायची खिडकी, आधीच कुणीतरी धरलेला आहे, अशी तक्रार. कुणी धरणार, मीच. मघाशी सुरू केलेली बंद करायची विसरले होते. ती थांबवून परत चालवली, आणि या खेपेला टिकली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आत्याबाई झोपेतून म्हणाल्या, "काय झालं? मांजर हाय का?"

मग नियम लिहिले. एका एकराला किती वेळ लागतो, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला किती, मळणी यंत्र एकच आहे म्हणून दोन ठिकाणी देता येत नाही. हे सगळं मी नवऱ्याला विचारून घेतलं. तो रात्रीच्या जेवणात घास तोंडात असताना उत्तरं द्यायचा, आणि मी पूर्ण केलेलं दाखवलं की न बघता म्हणायचा, "भारी हाय." आणि एक नियम मी न विचारता लिहिला. तारीख सोमवारी आली तर नंबर द्यायचा नाही. त्यासाठी मी थांबलेसुद्धा नाही. लिहिलं, पुढं गेले. आमच्यात सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवत नाहीत. आप्पांचे बैलही सोमवारी दावणीला असतात आणि आप्पा ओट्यावर. त्यात विचारायचं काय? नियमाची चाचणीही लिहिली: सोमवारी मागितलं तर नकार यावा. चाचणीला हिरवी खूण आली, आणि ती मला बरोबरच वाटली.

मुलाखतीच्या दिवशी मी घरात दम दिला होता. कुकर लावायचा नाही, टीव्ही नाही, माजघरात यायचं नाही. आप्पांनी ते फारच मनावर घेतलं. रानात न जाता ते माजघराच्या उंबऱ्याशी काठी घेऊन बसले. कुणी हाक मारत आलं की बाहेरच थोपवायचे, "हळू बोल, आत मुलाखत चालू हाय." त्यांच्या त्या हळू बोलण्याचा आवाज मला आत स्पष्ट येत होता.

पडद्यावर एकच बाई होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी, केस मागे घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. तिने आधी मधल्या वर्षांचं विचारलं. मी यावेळी सरळ सांगितलं की घर सांभाळलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, चालवून दाखवा. मी आयडीईची खिडकी तिला दाखवली, सर्व्हिस उठवली, प्रश्न पाठवले. शनिवारी तुरीची रास, नंबर मिळाला. त्याच वेळेला दुसऱ्या गावाहून मागणी, नकार आणि पुढची मोकळी वेळ. माझा आवाज स्थिर व्हायला लागला. मग ती म्हणाली, आता मी तारखा सांगते. तिने एक तारीख सांगितली. नकार. पुढच्या आठवड्यातली सांगितली. नकार. तिसरीलाही नकार, आणि त्या दिवशी एकही नंबर लागलेला नव्हता.

"सगळे सोमवार आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "ही चूक आहे ना?"

"चूक नाही, नियम आहे," मी म्हटलं. मला जरा तोराच आला. बैलांचं सगळं सांगितलं, वर हेही म्हटलं की हे शहरात बसून कळायचं नाही. वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच कळलं की ते निघायला नको होतं.

ती रागावली नाही. "बैलाचं मला माहीत आहे, माझं आजोळ धारवाडकडचं," ती म्हणाली. "मी ट्रॅक्टरबद्दल विचारतेय. हा नियम तुम्हाला कुणी सांगितला? तुमच्याकडे ही सर्व्हिस वापरणारं कुणी आहे का? मला बोलायचंय."

नवरा कामावर होता. मी उंबऱ्याकडे बघितलं. आप्पा इतक्या उत्साहाने उठले की काठी पडली. टोपी सारखी करत ते पोत्यावर बसले आणि पडद्याला नमस्कार केला. बाई त्यांच्याशी कन्नडात बोलायला लागली; आमच्या भागात दोन्ही भाषा चालतात. आप्पा खुलले. पाऊसपाणी झालं, तुरीचा उतारा झाला. मग तिने विचारलं, "अप्पाजी, सोमवारी तुमचा ट्रॅक्टर बंद असतो का?"

आप्पा हसले. "ट्रॅक्टरला कसला सोमवार? त्याच्या गळ्यात काय घुंगरं हायत? उलट सोमवारीच जास्त काम असतं बाई. सगळ्यांचे बैल बसून असतात, मग लोक ट्रॅक्टरच बोलवतात. आमचे दोन्ही जातात."

सोमवारी आप्पा घरी, बैल घरी, म्हणून मी धरून चालले होते की सगळंच घरी. ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या दारात उभे असतात आणि तिकडूनच कामावर जातात. नवरा रोज सकाळी बाहेर पडतो तसा सोमवारीही पडायचा. सोमवारी सगळंच बंद ठेवायची रीत मुडबीची नव्हतीच. ती माझ्या माहेरची होती, राजेश्वरची. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, सोमवारी बैलांनाच काय, खुरप्यालाही हात लावायचे नाहीत. भाड्याचा ट्रॅक्टर सोमवारी आला तर त्याला बांधावरून परत पाठवायचे. मी त्यांचा सोमवार उचलून सासरच्या ट्रॅक्टरला घातला होता, आणि इथल्या एकाही माणसाला विचारलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही विचारलं नाही," बाई मला म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मग आता काय करणार?"

ओळ काढून टाकणं सोपं होतं. माझा हात तिकडे गेलाही. पण मला ते पटेना. दादांसारखी माणसं असतीलच की, उद्या त्यांच्यापैकी कुणी ट्रॅक्टर घेतला तर? मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. सोमवार मी कोडमधून काढला आणि ट्रॅक्टर मालकाच्या माहितीत 'बंदचा वार' अशी एक जागा केली. ज्याला जो वार पाळायचा तो त्याने सांगावा, नसेल पाळायचा तर रिकामी ठेवावी. एवढं केल्याबरोबर आयडीईने ठिकठिकाणी लाल रेघा ओढल्या, कारण जिथं जिथं मालकाची माहिती वापरली होती तिथं सगळं अडलं. मी एकेक रेघ धरून गेले. बाई बघत होती, आप्पा बघत होते. चाचण्या चालवल्या तर एक लाल: सोमवारी नकार यावा. ती बदलून दोन केल्या, एक वार पाळणाऱ्यासाठी, एक न पाळणाऱ्यासाठी. हिरव्या झाल्या. तिनेच दिलेली सोमवारची तारीख परत पाठवली, आणि नंबर मिळाला.

"कळवू," एवढंच बोलून बाई गेली.

पडदा काळा झाला तरी आप्पा उठेनात. "म्या काय चुकीचं सांगितलं का गं?"

"न्हाई. बरोबर सांगितलं."

"माज्यामुळं जातंय का काम?"

मी लॅपटॉप मिटला, आणि तेच त्यांना उत्तर वाटलं असणार. ते काठी घेऊन रानाकडे गेले. मला त्यांचा राग आला होता, आणि तो अन्यायाचा आहे हे कळत होतं म्हणून आणखी राग येत होता.

पुढचे दिवस मी घरात भिंगरीसारखी फिरले. मेल बघायचा, फोन खिडकीत ठेवायचा, परत घ्यायचा. अक्कांचा फोन आला की मोरीत जाऊन नळ सोडायचे. शेवटी एका रात्री दादांना फोन लावला. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की सोमवार म्हणजे सगळ्यांनाच सोमवार, ट्रॅक्टर असो की काही असो. जगात एक तरी माणूस माझ्या बाजूचा हवा होता.

"आज कसा काय फोन?" दादा दचकले. "आज तर गुरुवार हाय. बरी हायस न्हवं?"

लग्न झाल्यापासून मी त्यांना सोमवारी दुपारीच फोन करते. इतर दिवशी ते अंधार पडेपर्यंत रानात असतात आणि तिथं रेंज नाही. मी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आपल्यात तर सोमवारी ट्रॅक्टरसुद्धा चालत न्हाई, व्हय की न्हाई दादा?"

"चालतो की आता," दादा म्हणाले. "बैलं कुठं ऱ्हायलेत? दोन्ही इकले."

"कवा?"

"झालं की वर्ष होऊन गेलं. सालगडी मिळंना, माज्यानं होईना. आता सगळं ट्रॅक्टरवरच."

"मला सांगितलं न्हाई कामून?"

"तू रडतीस म्हणून."

मी रडत नव्हते. मला हसू येत होतं, चिडून येतं तसलं. ट्रॅक्टरचा जो सोमवार मी बेंगळुरूच्या बाईसमोर ताठ मानेने मिरवला, तो मुडबीत कधीच नव्हता आणि राजेश्वरातूनही गेला होता. मग मला आणखी एक सुचलं. बैल नाहीत, ट्रॅक्टर चालतो, मग पाळायला काय उरलं? तरी वर्षभर प्रत्येक सोमवारी दुपारी दादांनी पहिल्या रिंगला फोन उचलला होता.

"मग सोमवारी तुम्ही घरी कसे असता?" मी विचारलं.

"तुजा फोन येतो की," दादा म्हणाले.

मग त्यांनी तुरीचा भाव सांगितला, मी बरं म्हटलं.

मेल आला तेव्हा मी कणीक मळत होते. पीठ लागलेल्या बोटांनी उघडला आणि त्यांनी मला घेतलंय हे तीनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. मुलाखतीच्या बाईने खाली एक ओळ लिहिली होती की, चूक दाखवल्यावर तुम्ही ती झाकली नाही, आमच्यासमोर नीट केली, म्हणून. मी ओरडले. आत्याबाई धावत आल्या. आप्पांना रानात निरोप पाठवायचा सोडून मीच पळत गेले, पिठाच्या हातांनी, डोक्यावर पदर नाही की काही नाही. ते औत सोडून बांधावर आले. "गेलं न्हाई, आलं आप्पा, काम आलं," मी म्हटलं, आणि त्यांनी डोळे पुसले. मला इतका आनंद त्याआधी फार कमी वेळा झालाय.

कामाचा आठवडा कसा असेल ते नंतर कळलं. सगळ्या टीमची बैठक दर सोमवारी, दुपारी, आणि ती लांबते. मी वेळ बदलून मिळेल का असं विचारून बघितलं. नव्या माणसाने जितकं विचारावं तितकंच विचारलं. बदलून मिळाली नाही. दादांना सांगताना मी शब्द चघळत होते. संध्याकाळी करीन म्हटलं, रविवारी करीन म्हटलं.

"कर की कवा बी," दादा म्हणाले. "काम मिळालं ना? मग काम कर. माजं काय एवढं."

पहिल्या सोमवारी मी ज्वारीच्या पोत्यांपुढे टेबल लावून बैठकीला बसले. सगळ्यांनी स्वागत केलं, मी माझी ओळख सांगितली, हसले, लिहून घेतलं. बैठक संपताच राजेश्वरला फोन लावला. वाटलं होतं, दादा असतील, उशीर झाला तरी बसलेच असतील. फोन आईने उचलला.

"ते न्हाईत," आई म्हणाली. "सकाळीच भाकर बांधून घेतली आन् रानात गेले. मी म्हणलं, आज सोमवार हाय, आज कामून? तर म्हणले, आता सोमवारी घरात बसून काय करू."